दोघांचा एकच चिमटा

मी एक जुना चिमटा आहे, मित्रांनो, जेमतेम बोटभर लांबीचा, आणि मला माझ्या कामाची किळस येते. आधीच सांगून टाकतो. मुरडायला मला नाक नाही, एवढेच.

माझा मालक सुतार. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्याच्या बायकोने मला विकत आणले, कारण त्याच्या तळहातात रोज कुसळे घुसत. संध्याकाळी खिडकीशी बसून ती त्याचा हात मांडीवर घेई आणि माझ्या टोकाने एकेक कुसळ अलगद काढी. "हलू नका," ती म्हणे. तो मुद्दाम हले. ताज्या लाकडाच्या वासाचे ते स्वच्छ काम होते. पुढे त्याचे तळहात टणक झाले, कुसळे शिरेनाशी झाली आणि मी खणात सुयादोऱ्यांखाली जाऊन पडलो.

पंधरा वर्षांनी तिने मला शोधून काढले आणि न्हाणीघरात नेऊन आतून कडी लावली. ती बालवाडीत शिकवते. त्या दिवशी मांडीवर बसलेल्या एका मुलीने तिची हनुवटी चाचपून विचारले होते, "बाई, तुम्हाला दाढी येते?" खरेच तिथे एक केस होता, काळा, राठ, तारेसारखा. मी तो उपटला. चार दिवसांत बेटा पुन्हा हजर.

आठवड्याभरात सुतारही मला घेऊन आत गेला आणि त्यानेही कडी लावली. त्याच्या कानांत झुबके उगवले होते. ते मळासकट उपटून त्याने मला न धुता खणात टाकले. शी! सकाळी हनुवटी, संध्याकाळी कान. चाळिशीत डोक्यावरचे केस जातात आणि नको तिथे उगवतात, ही कुठली रीत?

त्याहून वाईट म्हणजे ती त्याच्याजवळ बसेनाशी झाली. त्याने गालाला हात लावला की मान फिरवी. त्याला वाटले, हिला आपल्या कानांची शिसारी येते. मग तोही लांब बसू लागला. मला दोन्हीकडचे माहीत होते, पण सांगणार कसा?

एका रविवारी तिला जवळचे नीट दिसेना, माझीही टोके जुळेनात. केसाऐवजी कातडी पकडली गेली आणि रक्त आले. वैतागून तिने मला हातभर लांब धरून पाहिले. टोकाला एक पिवळट, चिकट केस होता. ती तशीच बाहेर आली.

"अहो, हा कुणाचा?"

तो ओशाळला. "माझ्या कानातला. तुला घाण वाटेल म्हणून बोललो नाही."

"वाटतेच. मघापासून तोच मी हनुवटीला घासतेय."

"हनुवटीला कशाला?"

ती खिडकीशी जाऊन बसली आणि तिने मान वर केली. "मला दिसत नाही. तुम्हीच काढा."

त्याने चष्मा लावला. "हलू नकोस," तो म्हणाला.

ती मुद्दाम हलली.

आता दर रविवारी खिडकीशी आधी तिची हनुवटी असते, मग त्याचे कान. मित्रांनो, मोठे झालात की तुम्हालाही नको तिथे केस येतील. येऊ द्या, पण आतून कड्या लावून बसू नका. आणि हनुवटीवरून कानाकडे जाताना मधे चिमटा धूत जा. साबणाने.