रहांगडाले सिस्टरची नाडी

इसीजीच्या टेबलावर आडवं केलं तरी शामकला रहांगडाले पुन्हा पुन्हा उठून बसत होती. वॉर्डात पोरांची इंजेक्शनं राहिली होती. निवासी डॉक्टर इंद्रकुमार तिला खांद्याला धरून परत झोपवत होता आणि अर्ध्या हिंदीत दटावत होता, की मॅडम, आपकी नाडी एकशे चाळीस चाललीय, हलायचं नाही. मला काहीच होत नाही, असं शामकला म्हणत होती. डॉक्टर म्हणत होता, हेच तर भयंकर आहे.

नाडीची बातमी नागपूरहून आली होती. नर्सा किती थकतात यावर तिथं संशोधन चाललं होतं. नर्सा थकतात हे वॉर्ड झाडणाऱ्या कैलाशलाही ठाऊक होतं, पण संशोधनाला ते पुराव्यासकट हवं होतं. म्हणून गोंदियातल्या या दवाखान्यात मनगटाला बांधायचे काळे पट्टे आले. नाडी, झोप, चालणं, सगळं पट्टा टिपायचा आणि नागपुरात पडद्यावर दिसायचं. अट एकच, पट्टा काढायचा नाही. लहान मुलांच्या वॉर्डाचीही अट एकच, कोपराखाली बांगडी, घड्याळ, गंडादोरा काही चालणार नाही, जंतू बसतात. दोन्ही अटींवर सही एकाच साहेबांची होती.

पहिल्या दिवशी शामकलानं पट्टा खिशात टाकला. थोड्याच वेळात नागपूरहून रुचीचा फोन आला. रुची म्हणजे माहिती गोळा करणारी पोरगी.

"सिस्टर, तुमची नाडी दिसत नाहीये."

"मग मी मेली असन," शामकला म्हणाली.

रुची हसली नाही. नाडी हवीच, म्हणाली.

तेव्हा शामकलानं वॉर्डात एक रिकामं मनगट शोधलं. ते भूमिकाचं होतं. भूमिका मेश्राम, सडक अर्जुनीकडची, नऊ वर्षांची, सिकलसेलची पेशंट. हा आजार तिला आईबापाकडून आलेला. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि हाडं ठणकतात. पोरगी माहेरी यावी तशी अधूनमधून वॉर्डात यायची. उजव्या हाताला सलाईन, डावा हात मोकळा. पट्टा सैल होत होता तर शामकलानं वरून चिकटपट्टी लावली. ड्यूटी लागली की पट्टा भूमिकाच्या हातात, ड्यूटी सुटली की शामकलाच्या.

नागपुरात त्याचा अर्थ असा निघाला, की ही नर्स कामावर आली की आडवी होते आणि घरी गेल्यावरच काय ती थकते. रुचीनं हे एकदा फार अवघडून सांगितलं. खरं तर तेव्हाच कबूल करायचं. शामकलानं केलं नाही, कारण मग फोन थांबला असता.

फोन रोज संध्याकाळी यायचा. फुलचूरच्या दोन खोल्यांत शामकला एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा भुपेंद्र हैदराबादला. त्याचा कुठला तरी ओटीपी अजून आईच्या मोबाईलवर यायचा, तेवढ्यापुरता तो फोन करायचा. शामकला एकेक आकडा थांबून थांबून सांगायची, म्हणजे तेवढाच वेळ मिळायचा. रुचीचं तसं नव्हतं. ती विचारायची, आज थकवा किती, एक ते दहा? जेवलात का? पाय दुखतात का? कुणाशी बोलावंसं वाटलं का? प्रश्न ठरलेले होते, हे शामकलाला माहीत होतं. तरी ती चहा गार करून वाट बघायची. थकवा किती, तर म्हणायची, कमरेच्या वर चार, खाली आठ. मग एकच आकडा कसा सांगायचा हे रुची समजावायची, आणि समजावण्यात आणखी थोडा वेळ जायचा.

आणि आज ही एकशे चाळीसची भानगड.

इसीजीचा कागद स्वच्छ निघाला. इंद्रकुमारनं मशीनला दोन चापट्या मारल्या आणि परत काढला. परत स्वच्छ. त्याचा मशीनवरचा विश्वास उडाला आणि तो दुसरं मशीन मागवायला गेला. जाताना रुचीला फोन लावून मोबाईल शामकलाच्या कानाशी ठेवून गेला.

"सिस्टर, मी फार घाबरले हो. तुम्हाला काही झालं असतं तर?"

शामकला छताकडे बघत पडून राहिली. हे वाक्य तिनं जरा वेळ तसंच कानात राहू दिलं. मग तिला पट्टा आठवला. एकशे चाळीस खोटं नव्हतं. कुणाचं तरी काळीज तसं धावत होतं.

आता बोललं तर उद्यापासून फोन नाही, हेही तिला कळलं. छातीवरच्या वायरी उपटत ती उठली.

"तो हात माझा नाही, रुची. पोरीचा हाये."

भूमिका भिंतीकडे तोंड करून पडली होती. चादरीचा कोपरा दातांत घट्ट धरलेला, अंग घामानं भिजलेलं. आजी कलाबाई पायाशी निवांत बसली होती.

"झोपून राहिली जी ते," कलाबाई म्हणाली. "सकाळपासून कुरकूर नाई. आज बरी हाये."

शामकलानं पोरीच्या तोंडातून चादर सोडवली. "काऊन नाई सांगितलं वं?"

"सांगितलं का नागपूरले पाठवता तुमी," भूमिका म्हणाली. "तेथी आजीले आत येऊ देत नाई."

इंद्रकुमार धावत आला. सलाईनचा वेग वाढला, ऑक्सिजन लागला, दुखण्याचं औषध शिरेतून गेलं. दुपार कलेपर्यंत पोरीच्या मुठी सुटल्या. नागपूरला पाठवायची वेळ आली नाही.

संध्याकाळी फोन वेळेवर आला. रुचीचा आवाज मात्र साहेबांच्या बाजूला थोडा सरकला होता. सर चिडलेत, म्हणाली. तुमची सगळी माहिती बाद करावी लागेल, पट्टा परत द्या. पोरगी कशी आहे, हेही तिनं विचारलं. थकव्याचा आकडा मात्र विचारला नाही.

"आज नऊ हाये," शामकला म्हणाली.

"सिस्टर, ते आता लिहिता येणार नाही."

पट्टा मोनाली रामटेकेला मिळाला. ती नवीन नर्स. साहेबांनी नियम सुधारला, आता पट्टा पायात बांधायचा. मोनालीचा मोबाईल दिवसभर वाजायचा, नवरा, सासू, बहिणी, त्यात आणखी एक रुची.

आठवडाभरानं मोनालीची ड्यूटी संध्याकाळपर्यंत लांबली. ती एका तान्ह्या बाळाची नस शोधत होती, दोन्ही हात गुंतलेले. मोबाईल वाजला.

"सिस्टर, धरता का जरा कानाले?"

शामकलानं धरला. मोबाईलमधून बारीक आवाज झिरपत होता, शब्द कळत नव्हते.

"पाच," मोनाली नसेवरची नजर न हलवता म्हणाली. "जेवली... नाई दुखत... नाई हो, कोनाशी कायले बोलू, येथी वेळ कोठी हाये."

बाळ रडत होतं. सुई सरकली, नळीत रक्त दिसलं. मोनालीनं चिकटपट्टी लावली, श्वास सोडला आणि वर बघितलं.

"सिस्टर, कटला तो केव्हाचाच."

शामकलानं मान हलवली. हात तिनं आणखी थोडा वेळ तसाच धरून ठेवला.