'आहे'ची पाटी

फोटोग्राफरचं सगळं नाव एका पत्र्याच्या पाटीवर उभं होतं. पाटीवर एकच शब्द: 'होतं'. शहरातली ओसाड जागा शोधायची, तिचा इतिहास खणून काढायचा, समोर पाटी ठेवायची आणि फोटो काढायचा. बंद पडलेलं थिएटर. घड्याळांचा कारखाना. समीक्षकांना त्यात काळाचं भान वगैरे दिसलं. बक्षिसं मिळाली.

मग गंमत म्हणून त्यानं चालू जागांसमोरही पाटी ठेवून पाहिली. सलून पंधरवड्यात पाडलं गेलं. पोस्ट जळालं. पूल तर ट्रायपॉड आवरेपर्यंतही थांबला नाही. तेव्हापासून तो दिसला की दुकानदार शटर ओढायचे.

"पुढच्या गल्लीत जा ना साहेब," इस्त्रीवाला हात जोडून म्हणाला. "तिकडे माझा साडू राहतो."

आणि अशात आई म्हणाली, "माझा एक फोटो काढ."

"नको."

"गावभर काढत फिरतोस. आईचाच तेवढा जड झाला?"

पाटीशिवाय काढावा, तर आता त्याचा कॅमेऱ्यावरही भरवसा नव्हता. आईला काही झालं तर? आठवडाभर त्यानं टाळलं, आईनं अबोला धरला. शेवटी त्यानं नवी पाटी रंगवली: 'आहे'. आईनं खुर्ची ओढली, पाटी मांडीवर घेतली आणि पदर सारखा केला. क्लिक.

सकाळी आई ठणठणीत. भाजी चिरत गुणगुणत होती. त्याच्या जिवात जीव आला.

"तेवढा टॉवेल नेऊन दे," ती म्हणाली.

"कोणाला?"

"ह्यांना."

"ह्यांना म्हणजे?"

"किती 'हे' आहेत मला?"

त्यानं कॅमेऱ्यात पाहिलं. आई, पाटी, आणि मागे भिंतीवर, केव्हाच गेलेल्या वडिलांचा फोटो. फ्रेमच्या कडा तपासा, हे तो विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी शिकवायचा. भिंतीवर आता नुसती चौकट होती, आत कोरा पुठ्ठा. खुर्ची त्या भिंतीशी आईनंच ओढली होती, हे त्याला आत्ता आठवलं.

बाथरूममध्ये पाणी पडत होतं. कोणीतरी खाकरलं. लहानपणी ते खाकरणं ऐकलं की तो मुकाट्यानं अभ्यासाला बसायचा. आताही गुडघे आपोआप वाकले.

"दे ना पटकन. गारठतील."

त्यानं टॉवेल पुढे केला. दार जरासं उघडलं आणि हात बाहेर आला. ओला, ओळखीचा, कृष्णधवल.

"आणि ती पाटी," आई भाजीवरची नजर न काढता म्हणाली, "पुसू नकोस हं."