कच्च्या लोखंडाचा वाळा

तात्या भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरले तेव्हा त्यांच्या एका हातात आमसुलांची पिशवी होती आणि काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड. हमालाने ते गाठोडं उचलून पाहिलं, पुन्हा खाली ठेवलं आणि मुंबईत दगडांची टंचाई झाल्याचं गावात कुणी सांगितलं, असं विचारलं. तात्यांनी ते पुन्हा काखेत मारलं. काळाचौकीपर्यंत गाठोडं त्यांनी स्वतःच आणलं. ट्राममध्येसुद्धा मांडीवरून उतरवलं नाही. कंडक्टरला वाटलं, आत लेकरू आहे.

तात्या म्हणजे माझे वडील. आमचं माहेर राजापूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. माझ्या आजोबांच्या वेळी तिथे लोक तांबड्या दगडातून लोखंड काढत. पुरुषभर उंचीची मातीची भट्टी, तिच्यात एक थर कोळसा, एक थर दगड, आणि दिवसरात्र भाते. शेवटी भट्टी फोडली की तळाशी एक ओबडधोबड गोळा सापडायचा, जळक्या गुळाच्या ढेपेसारखा, भोकाभोकांचा. तेच लोखंड. पुढे बाजारात तयार सळ्या स्वस्त मिळायला लागल्या आणि भट्ट्या विझल्या. तात्यांनी मात्र आजोबांच्या हातचा शेवटचा गोळा जपून ठेवला होता. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलासाठी त्याचा एक तुकडा काढला, उरला तो माझ्या वाट्याचा.

कारण आमच्याकडे रीत आहे. लेकीच्या पहिल्या मुलाने स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडायच्या आधी त्याच्या पायात लोखंडाचा वाळा पडला पाहिजे. लोखंड आजोळचं, आग बापाच्या घरची, आणि पायात घालायचा आईच्या वडिलांनी. वाळ्याआधी मूल बाहेर चालत गेलं तर मग घालून उपयोग नाही. माझी आई म्हणायची, ज्याच्या पायात आजोळचं लोखंड, त्याचा पाय कुठेही गेला तरी परत येतो. खरंखोटं देव जाणे. पण मला मुंबईत येऊन तीन वर्षं झाली होती, आणि माझ्या लेकीच्या, मंजुळेच्या पायात माझ्या घरचं काहीतरी असावं, एवढीच माझी हौस होती. एवढीच, पण फार.

आणि मंजुळा तर ट्रंकेला धरून उभी राहायला लागली होती.

माझे सासरे, म्हणजे अप्पा, तेही लोहारच. चाळीच्या आवारात त्यांची पत्र्याची शेड. गिरण्यांची सुटी कामं, हातगाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा, कोळणींच्या कोयत्या, सगळं तिथे व्हायचं. आमची खोली तळमजल्यावर, शेडच्या समोरच. अप्पांनी तात्यांचं स्वागत केलं, चहा पाजला, गोणपाट सोडून गोळा हातात घेतला, फिरवला, नखाने खरवडला.

"व्याहीबुवा, लोखंड कधी येणार मागनं?"

तात्यांनी शांतपणे चहा संपवला. म्हणाले, हेच ते.

दोघे व्याही एकमेकांना अहो-जाहो करत होते, पण जेवायला बसल्यावर शब्दाशब्दातून ठिणग्या. अप्पांचं म्हणणं, लोखंड कसं असावं, कारखान्यातून आलेलं, सरळ, साफ. तात्यांचं म्हणणं, ते तयार लोखंड आहे, त्याच्याशी कुणीही बोलेल. हे कच्चं, ह्याला आधी माणसात आणावं लागतं. सासूबाई वाढता वाढता दोघांच्या तोंडाकडे पाहत होत्या. मग त्यांनी दोघांनाही न विचारता भात वाढला आणि विषय बंद झाला.

अडचण अशी की तात्यांचा उजवा हात गेल्या वर्षी आंब्यावरून पडल्यापासून उचलत नव्हता. घाव घालायचा तर अप्पांनीच. आणि तेरवाच्या बोटीने तात्यांना परत जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे हे तात्यांना प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला घेऊन गेले. ह्यांची त्या दिवसांत गिरणी संपली की संयुक्त महाराष्ट्र समिती आणि समिती संपली की गिरणी. पुढल्या दिवशी हरताळ होता, त्याची पत्रकंही जाताजाता वाटून होणार होती. अप्पांनी विचार केला, व्याही परत यायच्या आत वाळा तयार करून पुढ्यात टाकावा. मनात वाईट काही नव्हतं. थोडा तोरा होता, बाकी नातीची मायाच.

मी आत मंजुळेला पेज भरवत होते. शेडमधून घाव ऐकू आला आणि माझ्या हातातला चमचा थांबला. लोखंडावरचा घाव खणकतो. हा आवाज कौलावर पाय पडावा तसा होता. मी पोरीला काखेत मारून धावले. अप्पांनी नेहमीसारखी दगडी कोळशाची भट्टी लावली होती, गोळा लाल केला होता आणि रुळाच्या तुकड्यावर घालावा तसा मोठा घण घातला होता. अर्धा गोळा भुगा होऊन राखेत विखुरला होता. अर्धा सांडशीत उरला होता. अप्पा त्याच्याकडे असे बघत होते, जणू त्यानेच त्यांना मारलं.

सासऱ्यांना काय बोलणार? पण उरलेला तुकडा मी पाण्यात बुडवून पदरात घेतला, गरम होता तरी.

तात्या आले. त्यांनी राखेतले कण बोटाने चाळले, वास घेतला. मग एवढंच म्हणाले की दगडी कोळशाचा धूर ह्याला सोसत नाही, तान्ह्याला वरचं दूध बाधावं तसं. ह्याला लाकडाचाच कोळसा लागतो. आणि पहिले घाव घाव नसतातच.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. अप्पांना तो समजूतदारपणा झोंबला. त्यांनी जाहीर केलं की ह्या मातीच्या ढेकळाला आपण पुन्हा हात लावणार नाही, आणि उद्या तर हरताळ आहे, उद्या भट्टी पेटणारच नाही. शेडला कुलूप लावून किल्ली कनवटीला खोचली. आता सांगा, एका बाजूला महाराष्ट्र आणि दुसऱ्या बाजूला वाळा, मी कुणाशी भांडणार?

हरताळाच्या दिवशी लालबाग-परळ असं गप्प झालं होतं की नळाचं पाणी ठिबकलेलं ऐकू येत होतं. गिरण्यांचे भोंगे नाहीत, ट्राम नाही, दुकानं बंद, कोळशाची वखारही बंद. पुरुष सभेला गेलेले. अप्पा गुडघ्याच्या दुखण्यामुळे राहिले होते आणि मंजुळेला मांडीत घेऊन आमच्या दारात, उंबरठ्याच्या आत बसले होते. तात्या आवारातल्या पायरीवर. दोघांमध्ये पंधरा हातांचं अंतर आणि तोंडं दोन दिशांना. मी तुकडा पुढ्यात घेऊन दोघांच्या मध्ये, डोळे भरलेले.

शेजारच्या जाईबाई बाहेर आल्या. गिरणीच्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होत्या, मोर्चात पुढे असायच्या, आवाजाला भोंग्याची गरज नसे. काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी अप्पांकडे पाहिलं. हरताळ मोडायचं कुणी सुचवलं असतं तर पहिल्या त्याच उठल्या असत्या, म्हणून मी त्यांच्याकडून काही आशा ठेवली नव्हती.

"भट्टी बंद म्हणजे बंद," जाईबाई म्हणाल्या. "पण शेगडीला हरताळ नाही, नाहीतर लालबाग उपाशी मरेल. म्हातारबा, तुमचं ते शेगडीवर होईल का?"

तात्यांनी प्रथमच मान वर केली. म्हणाले, शेगडी मोठी लागेल.

मग काय, आवारातच मातीचा खळगा केला, विटांचं कडं लावलं. चाळीतल्या बाया सुपातून, घमेल्यातून, कुणी पदरातून लाकडी कोळसा घेऊन आल्या. चंपाने तर दूध अर्धवट तापलेलं उतरवून शेगडीच उपडी केली आणि वर ऐकवलं की वाळा चांगला नाही झाला तर तिच्या नवऱ्याच्या चहाचं पाप लोहारांच्या डोक्यावर. वाऱ्यासाठी हँडलचा पंखा हवा होता, तो शेडमध्ये. सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी कनवट चाचपली. मग किल्ली सासूबाईंच्या दिशेने टाकली आणि पुटपुटले, पंखा काही लोखंड ठोकत नाही.

पंखा माझ्याकडे आला. माहेरी मी भाता ओढतच मोठी झाले होते. पण हातोडा? तात्यांचा हात निकामी, अप्पांचा हरताळ.

सासूबाईंनी पदर खोचला. "शेगडीला हरताळ नाही, मग शेगडीवालीला कसला," म्हणाल्या.

लोहाराच्या घरची बाई. नवऱ्यासमोर उभं राहून घण घालण्यात त्यांचं तरुणपण गेलं होतं. शेडबाहेर, कोळणींच्या कोयत्यांसाठी एक जुनी ऐरण असायची, तिच्यापाशी त्या उभ्या राहिल्या. तात्या खळग्याजवळ उकिडवे बसले. तुकडा लाल झाला, नारिंगी झाला, पिवळा झाला. मी हात थांबवला तर म्हणाले, अजून गो बाये. पांढरा झाला, भाजलेल्या भाकरीला सुटतो तसा त्याला घाम सुटला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने सांडशी उचलली.

"विहीणबाई, मारू नका. दूध पाजल्यावर पाठीवर थोपटता ना, तसं."

सासूबाईंनी थोपटलं. खरंच, अगदी तसंच. तुकड्याच्या भोकाभोकांतून वितळलेली कीट, म्हणजे लोखंडातला मळ, मधासारखी बाहेर आली आणि ऐरणीवरून टपटप खाली पडली. पुन्हा आगीत, पुन्हा थोपटणं. दर खेपेला तुकडा लहान होत होता आणि माझा जीव त्याच्याहून लहान. पण आवाज बदलत होता. कौलाचा मातीत, मातीचा लाकडात, आणि मग एकदा हळूच खणक. दारातून अप्पांची मान त्या आवाजाला वळली. मी पाहिलं.

मग तो चपटा करून घडी घालायची वेळ आली. घडीच्या पोळीला पीठ लावतात तशी तात्यांनी मध्ये बारीक वाळू भुरभुरवली, सासूबाईंनी अर्ध्यावर अर्धा दुमडला. आता दोन पदर एकजीव व्हायचे तर वारा जराही कमी पडायला नको. आणि नेमकी तेव्हाच मंजुळा खिदळली. मी वळून पाहिलं. अप्पांच्या गुडघ्याला धरून उभी होती, एक हात सुटा. माझा पंखा मंदावला. तात्यांनी तुकडा बाहेर काढला, सासूबाईंनी थोपटला आणि घडी शिंपल्यासारखी उघडली.

कोळसाही संपत आला होता.

तात्या म्हणाले, अजून एक वेळ सोसेल. दोन वेळा नाही. जाईबाई आत गेल्या आणि स्वतःच्या चुलीखालचे उरलेसुरले कोळसे चिमट्याने वेचून आणले, त्यांच्याबरोबर आणखी दोघी. मी मंजुळेकडे पाठ केली. आई असून पाठ केली, ते किती जड असतं ते ज्याचं त्याला ठाऊक. पंखा असा फिरवला की खांदा माझा राहिला नाही. आगीतून फुलबाजीसारख्या चार ठिणग्या उडाल्या तसे तात्या ओरडले, आत्ता. सासूबाईंचा पहिला घाव हलका, दुसरा त्याहून जरा मोठा, तिसरा भक्कम. पदर बसले.

पुढचं मग सोपं. करंगळीएवढी सळी ओढली, ऐरणीच्या टोकावर वाकवली, पाण्यात बुडवली तेव्हा ती चुरचुरली आणि सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. वाळा इवलासा झाला होता. टोकं मिटत नव्हती, मध्ये बोटभर जागा. तात्या म्हणाले, राहू दे, पाय वाढणार आहे. चंपा काळा दोरा आणायला धावली, लोखंड पोरीला बोचू नये म्हणून.

तेवढ्यात अप्पांनी मला हाक मारली. "शेवंती, अगो, ही निघाली."

मंजुळेने गुडघा सोडला होता. दोन्ही हात वर, तोंड उघडं, आणि ती सरळ उंबरठ्याकडे येत होती, माझ्याकडे, हसत. पहिली पावलं. मी कितीतरी दिवस ज्याची वाट बघत होते ते समोर घडत होतं आणि मी मनात म्हणत होते, नको ना गं, थांब ना. अप्पांना तिला उचलता आलं असतं. पण पहिल्यांदा चालणाऱ्या मुलाला मधेच उचलू नये असं त्यांच्याकडचं शास्त्र. मग त्यांनी काय करावं? दुखऱ्या गुडघ्यासकट सरळ उंबरठ्यावर आडवे झाले. भिंतीपासून भिंतीपर्यंत. समितीच्या सत्याग्रहात ट्रामसमोर कुणी झोपलं नसेल इतक्या निष्ठेने.

मंजुळा त्यांच्या पोटाला येऊन थडकली आणि फतकल मारून खाली बसली. हसली.

"लवकर करा," अप्पा खालून म्हणाले. "ही चढणार आता."

तात्या धावले. धावताना मी त्यांना लहानपणापासून पाहिलं नव्हतं. अप्पांच्या अंगावरून वाकून, डाव्या हाताने, दोरा गुंडाळायला न थांबता त्यांनी नातीच्या पायात वाळा सरकवला. मी तो पाय धरला होता. वाळा पाण्याने गार आणि आतून अजून जरासा कोमट होता, झोपेतून उठलेल्या बाळासारखा. मंजुळेने पाय हलवून पाहिला, तिला तो आवडला असावा, कारण तिने तो पुन्हा हलवला. मग अप्पांच्या सदऱ्याला धरून ती उठली, त्यांच्या पोटावर चढली, एक पाय त्यांच्या खिशात अडकला तो सोडवला आणि पलीकडे माझ्या हातात उतरली. बायांनी ओवाळायला काही नव्हतं म्हणून नुसती बोटं मोडली.

अप्पा काही लगेच उठले नाहीत. पोरीचा पाय त्यांच्या नाकासमोर होता. त्यांनी चष्मा नीट केला, वाळा बोटाने फिरवला, सगळीकडून पाहिला, जिथे घडी बसली होती तिथे नख घालून पाहिलं. नख शिरलं नाही.

"सांधा सापडत नाही, व्याहीबुवा," ते शेवटी म्हणाले.

तात्या त्यांच्या शेजारी उंबरठ्यावर टेकले. धाप लागली होती. "माझा कुठला," म्हणाले. "विहीणबाईंच्या हाताचा आहे."

अप्पांनी मान वळवून सासूबाईंकडे पाहिलं. त्या हातोडा टेकून उभ्या होत्या, कपाळाला काळं लागलेलं, आणि चंपाला सांगत होत्या की आमच्यात आज सगळ्यांचाच चहा व्हायचा आहे, तेव्हा कुणाकडे निखारा उरला असेल तर आणा.