मधोमध पाडलेलं भोक

खोक्यात जुन्या कॉम्प्युटरांतल्या तेवीस हार्ड डिस्क होत्या: सतरा जाड, सहा पातळ. तपासणी केंद्रात जिला सगळे 'शास्त्रज्ञबाई' म्हणत, त्या नव्या पदवीधर मुलीनं त्या दोनदा मोजल्या, पट्टीनं प्रत्येकीचा मध्य काढला आणि पेशंटची माहिती कुणाच्या हाती लागू नये म्हणून तिथंच ड्रिलनं आरपार भोक पाडलं.

"या पातळ फारच हलक्या लागतायत," शिपाईमामा म्हणाले. "एखादी उघडून बघ की आधी."

"मामा, काळजात भोक पडल्यावर कोण जगतं?"

"आम्ही आपले अडाणी, बाई!"

कागदावर तिनं लिहिलं, 'सर्व तेवीस नष्ट. वाचण्याजोगं काही उरलेलं नाही.' खाली झोकात सही ठोकली, आणि माल भंगारात गेला.

तीन आठवड्यांनी भंगारवाला आला. एरवी गल्ली दणाणून सोडणारा माणूस, आज आवाज खाली. फडक्यात गुंडाळलेली एक पातळ डिस्क त्यानं तिच्यापुढं ठेवली.

"ताई, गंमत म्हणून कॉम्प्युटरला लावली. चालली की हो! सगळ्या पेशंटचे रिपोर्ट." त्यानं फडकं सोडवलं. "त्यात माझ्या धाकट्या बहिणीचाही. तिनं घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. दर रविवारी येते, हसून-खेळून जाते. आता मी तिच्याकडं बघू कसा?"

शास्त्रज्ञबाईची कानशिलं तापली. 'मला वाटलं' एवढं ओठांवर आलं, ते तिनं गिळलं. हा माणूस कुणाला सांगणार नव्हता. डिस्क कपाटात टाकली असती, तर गोष्ट तिथंच मिटली असती. मामा दारात उभे होते. त्यांनी एक टोमणा मारला असता तरी तिला बरं वाटलं असतं.

"बाकीच्या पाच?"

"गोदामात आहेत."

"आजच आणा. मी डॉक्टरबाईंना सांगते."

केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी तो सहीचा कागद समोर ठेवून सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "आणि त्याच्या बहिणीला कोण सांगणार?"

"मीच," ती म्हणाली. मान वर करवली नाही.

संध्याकाळी मामांनी स्क्रू काढले, तिनं सहाही डिस्क उघडल्या. चारींमध्ये माहिती साठवणाऱ्या चिपांचा चुरा झाला होता. दोन डिस्कांमध्ये निम्मी डबी रिकामीच होती, आणि भोक त्या रिकाम्या भागातून गेलं होतं. तिनं पट्टी लावली.

भोकाच्या कडेपासून सर्वांत जवळच्या चिपपर्यंत: एकीत अकरा मिलिमीटर, दुसरीत नऊ.