अहो चिंबोक

आमचा चिंबोक कामाला नाही म्हणत नव्हता, हे आधीच सांगते. तो फक्त बसायचा. मेंढरं शेजारीण बोर्चाच्या लसूणघासाकडे निघाली की आमचे हे काठी आपटत ओरडायचे, "चिंबोक, वळव त्यांना," आणि चिंबोक कुरणाच्या मधोमध बसून राहायचा. पुली जातीच्या कुत्र्याच्या अंगावर जटाच इतक्या, की तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे तो चालायला लागल्याशिवाय कळत नाही. आणि हा तर चालतच नव्हता. त्यामुळे तो ह्यांच्याकडे बघतोय की ह्यांना पाठ दाखवतोय, तेही ठरवता येईना. चिंबोक म्हणजे गुंता. नाव अगदी शोभत होतं.

आमचा जुना पुली हिवाळ्यात म्हातारपणाने गेला. वसंतात गावातल्या आगोश्तोन काकांनी आपला कळप मोडला आणि ते केचकेमेट शहरात मुलीच्या फ्लॅटमध्ये राहायला निघाले. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, मुलगी कुत्र्याचं नाव काढू देईना. काकांनी जाता जाता चिंबोकची दोरी माझ्या हातात दिली, "सोनं आहे, सांभाळा" म्हणाले आणि बस पकडायला पळाले. बसची घाई नसती तर पुढचा सगळा तमाशा टळला असता.

"सोनं?" आठवडाभरातच आम्ब्रुश, म्हणजे आमचे हे, म्हणायला लागले. "पायपुसणं आहे ते. आणि पायपुसणं निदान जेवायला मागत नाही."

आमच्याकडे आणखी एक कुत्रा आहे, पांढरा धिप्पाड कोमोन्दोर. पण त्याचं काम रात्री मेंढरांत पडून राहायचं आणि लांडग्या-चोराला घाबरवायचं. दिवसा त्याला तुडवून गेलं तरी तो जागचा हलत नाही. म्हणजे एक बसलेला आणि एक झोपलेला, अशी आमची फौज. ह्यांना चिडवायला बोर्चाला आयतंच सापडलं होतं.

खरी गोष्ट ह्यांच्या गुडघ्याची होती. मी पहाटे दूध काढते, चीज करते, बाजाराला जाते, चराई ह्यांची. कुत्रा नसेल तर मेंढरांमागे पळणार कोण? उठताना टेबलाला धरून उठायचे. मी विचारलं, "अहो, गुडघा दुखतोय का?" की "छे." दुसरं उत्तर मला कधी मिळालंच नाही. दोष सगळा कुत्र्याचा. शेवटी एका रविवारी सूप ढवळत म्हणाले, "पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत हा हलला नाही तर व्यापाऱ्याला बोलावतो. मेंढरं ट्रकमध्ये, कुत्रा परत."

मी चमचा खाली ठेवला. ही मेंढरं माझ्या आईच्या कळपातली. लग्नात मी काय आणलं, तर एक कपाट, पिसांची रजई आणि काही मेंढ्या; आताच्या सगळ्या त्यांच्याच लेकी आणि नाती. प्रत्येकीचा स्वभाव मला ठाऊक आहे. ती गेल्यावर मला उरणार काय, तर कोंबड्या. कोंबड्यांशी माणूस बोलणार तरी काय?

मी नवऱ्याला "अहो" म्हणते, हे इथे सांगायला हवं. माझ्या वयाच्या बायका आता सर्रास "तू" म्हणतात. बोर्चा तर आपल्या नवऱ्याला जे म्हणते ते इथे सांगण्यासारखं नाही. पण मी ह्या घरात आले त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं, "आमच्या घरात बाई नवऱ्याला तुम्ही म्हणते." सासूबाई गेल्या, "तुम्ही" राहिलं. हे मला "तू" म्हणतात. तसं ते घोड्याला, पोस्टमनला आणि गारपिटीलाही "तू"च म्हणतात, तेव्हा त्यात काही खास नाही.

एका दुपारी मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. समोर मेंढरं पुन्हा घासाकडे सरकत होती आणि हे नेमके उलट्या बाजूने लंगडत चालले होते. मला राहवेना. मी हाक मारली, "अहो, डावीकडून जा. वळवा त्यांना."

हे थांबले. चिंबोक उठला.

उठला आणि गवतातून काळा गुंता गडगडत सुटला, डावीकडूनच. पुढच्या मेंढीला आडवा गेला, मधे गर्दी झाली तर सरळ एकीच्या पाठीवर उडी मारून पलीकडे उतरला, आणि बघता बघता अख्खा कळप परत फिरला. मी ओला शर्ट हातात धरून तशीच उभी. "आता थांबा," मी जरा हळूच म्हटलं. चिंबोक थांबला. हेही थांबले.

मी तशीच कुंपणापाशी धावले आणि बोर्चाला सांगितलं. ती हसून हसून खांबाला टेकली.

"अगं तेरका, तुला माहीत नाही? आगोश्तोन काका कुत्र्यांना तुम्हीच म्हणायचे, जन्मभर. म्हणायचे, जो दिवसभर माझ्यासाठी पळतो आणि पगार मागत नाही, त्याला मी कुठल्या तोंडाने तू म्हणू?"

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस, बये?"

"मला काय ठाऊक? तुझ्या घरात तुम्ही-तुम्ही चालतंच की. मला वाटलं कुत्र्यालाही म्हणत असाल."

ह्यांना सांगितलं तर ह्यांनी पाइप खाली ठेवला. "कुत्र्याला तुम्ही? मी पाद्रीबाबांना म्हणतो, तेसुद्धा फक्त रविवारी."

"मेंढरं जातील हो माझी."

"गेली तर गेली. उद्या लोक म्हणतील, आम्ब्रुश कुत्र्यापुढे हांजी हांजी करतो."

"मग मी म्हणते त्याला."

"बाजारातून ओरडणार आहेस का?"

मला राग असा आला की त्या रात्री मी ह्यांच्या सुपात मीठ घातलंच नाही. एक शब्द. ह्यांच्या तोंडातून एक शब्द निघेना म्हणून माझ्या आईची मेंढरं ट्रकमध्ये चढणार होती. हे दुसऱ्या दिवशीपासून चिंबोकला शिट्टीने, हातवाऱ्यांनी, सॉसेज दाखवून समजावत राहिले. सॉसेज त्याने खाल्लं आणि पुन्हा बसला.

सण झाला आणि लगेचच एका सकाळी व्यापारी ट्रक घेऊन हजर. ह्यांनी मेंढरं दाखवायला मेंढवाड्याचं फाटक उघडलं, तेवढ्यात त्या माणसाने ट्रकची मागची फळी धाडकन पाडली. मेंढरं बिथरली आणि सगळीच्या सगळी घासाकडे सुटली. घासावर अजून दव होतं. दवात भिजलेला कोवळा लसूणघास मेंढीने पोटभर खाल्ला की पोट ढोलासारखं फुगतं आणि खेळ संपतो.

"आम्ब्रुश, माझा घास," बोर्चा कुंपणावरून ओरडली. "आणि तुझी मेंढरं."

"चिंबोक, वळव," हे म्हणाले. चिंबोक बसला. "चिंबोक, गाढवा, वळव म्हणतो ना." चिंबोक आणखी नीट बसला. व्यापारी हाताची घडी घालून गंमत बघायला लागला. हे काठी टेकत पळायला गेले आणि दुसऱ्याच पावलाला फाटकाला धरून उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता.

मी दारात होते. शब्द माझ्या जिभेवर तयार होता. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण आज मी वळवली असती, तर उद्या मी बाजारात असताना कोण वळवणार होतं? मी ॲप्रनचं टोक तोंडात कोंबलं. पहिली मेंढी घासात शिरली तेव्हा आता काही झालं तरी ओरडायचंच म्हणून मी ॲप्रन तोंडातून काढला.

तेवढ्यात ह्यांचा खोकला ऐकू आला. आणि मग पाद्रीबाबांसमोर काढतात तसा आवाज. "चिंबोक. तुम्ही जरा... डावीकडून जाता का?"

चिंबोकने मान वर केली. म्हणजे, जिकडे मान असावी ती बाजू वर झाली.

"अहो चिंबोक," हे गरजले, "वळवा ना त्यांना. मेहरबानी करा."

चिंबोक गेले. हो, गेले, इथून पुढे मीही त्यांच्याबद्दल एकवचनात बोलणार नाही. घासाच्या कडेने धावले, घुसलेल्या मेंढीला ढुशी देऊन बाहेर काढलं, आणि कळप असा फाटकातून आत आणून सोडला की मी न मोजताच तो ओला ॲप्रन डोळ्यांना लावला.

"काका, मेंढरं राहू द्या," व्यापारी म्हणाला. "हा कुत्रा विकता का?"

"तोंड सांभाळून बोल," चिंबोककडे हात करत हे म्हणाले. "आणि विचारायचं तर ह्यांना विचार."

ट्रक रिकामा गेला.

संध्याकाळी हे स्वतः ताटली घेऊन अंगणात गेले. मला खिडकीतून ऐकू येत होतं. "घ्या, जेवून घ्या. दमलात आज. पाणी हवंय का?" मला हसू यायला हवं होतं, पण रडूच आलं. हे आत आले तेव्हा मी भांड्यांत तोंड घालून उभी होते.

"काय झालं? राहिली ना तुझी मेंढरं?"

"राहिली."

"मग?"

"दमलात का, पाणी हवंय का," मी म्हटलं. "इतक्या वर्षांत मला कधी विचारलंत?"

ह्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग "तुम्ही..." म्हणाले आणि तिथेच अडकले. "तुला तुम्ही म्हणायला जमत नाही गं. हसू येतं. त्यापेक्षा तूच इकडे ये."

कपाटातून जर्दाळूची दारू काढली, दोन पेले भरले आणि कोपर पुढे केलं. "तुम्ही"वरून "तू"वर यायचं तर आमच्याकडे असंच पितात, कोपरात कोपर अडकवून. कामावरचे सोबती पितात, सैन्यातले पितात. लग्नाच्या बायकोबरोबर इतक्या उशिरा कोणी प्यायल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. भिंतीवरच्या फोटोतून सासूबाई बघत होत्या. मी त्यांच्याकडे पाठ केली. प्यालो. घसा पेटला.

"आता म्हण," आम्ब्रुश म्हणाला.

जन्मभर मनात "तू" म्हणून ह्या माणसाला काय काय सुनावलं होतं, त्यातलं एकही आठवेना. शेवटी रोजचंच तोंडातून निघालं. "आम्ब्रुश, गुडघा दुखतोय का रे तुझा?"

तो "छे" म्हणेल म्हणून मी थांबले. तो खुर्चीत बसला आणि त्याने पाय पुढे केला.

"दुखतो गं," तो म्हणाला. "फार दुखतो."

मी खाली बसले आणि त्याचा बूट काढला.