काळे पट्टे

धाकटीनं हिरव्या गाठोड्यावर तळहात टेकवला आणि तो तसाच राहू दिला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. कपाळ गार लागलं की आईचा जीव भांड्यात पडतो. धाकटीनं मात्र दुसराही तळहात टेकवून पाहिला.

गाठोडं आत्ताच वाफेच्या यंत्रातून निघालेलं असायला हवं होतं. आत कात्र्या, चिमटे, टाके घालायच्या सुया. इस्पितळात सगळे त्याला सेट म्हणायचे. "हे झालेत गं, मांडून ठेव," असं वन्संनी तिला हाक मारून सांगितलं होतं. खरोखर वाफेतून निघालेला सेट जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऊब धरून असतो. हा फरशीसारखा गार होता. वर चिकटवलेल्या टेपचे पट्टे मात्र काजळ घातल्यासारखे काळेभोर. ते पट्टे मुळात फिके असतात आणि पुरेशी वाफ लागली की काळे होतात. पट्टे काळे दिसले की सेट निर्जंतुक झाला, असं समजायचं. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरपासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळे तेवढंच बघायचे.

धाकटीनं मान वळवली. कोपऱ्यातल्या टेबलावर इस्त्रीचा लाल दिवा लागलेला होता. कपडे तर सकाळीच इस्त्री करून झाले होते. टेबलावर एक ओला फडका होता, आणि हवेत डिंक करपल्यासारखा वास.

वन्संनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या तळहाताकडे. त्या टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी इस्त्रीची पिन काढली.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. इस्पितळात त्यांना मोठ्या म्हणायचे आणि त्यांच्या हाताखालच्या भावजयीला धाकटी. तळमजल्यावरची ही खोली दोघींचीच. वरून रक्तानं माखलेली हत्यारं यायची, ती धुवायची, पुसायची, कापडात बांधायची, वाफेत घालायची आणि छोट्या खिडकीतून परत द्यायची. धाकटीला इथं लावलं वन्संनीच. कापडाचे चारी कोपरे कसे दुमडायचे, गाठ कशी मारायची की ती एका हिसक्यात सुटावी, हे सगळं त्यांनीच शिकवलं. बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसा त्यांचा हात चालायचा. थिएटरची सिस्टर खिडकीतून म्हणायची, "मोठ्या, तुमचे सेट सोडायला जिवावर येतं हो, इतके देखणे बांधता."

पहिल्याच दिवशी वन्सं धाकटीला म्हणाल्या होत्या, "इथं खाली आपल्याला कुणी बघायला येत नाही. म्हणून तर नीट करायचं."

ते धाकटीनं मनात जपून ठेवलं होतं, माहेरून आणलेल्या वस्तूसारखं.

पूर्वी या खोलीत उभं राहवायचं नाही इतका उकाडा असायचा. अलीकडे खोली सुसह्य झाली होती. येणारे जाणारे म्हणायचे, बरं झालं बाई, पंखा बदलला वाटतं. पंखा तोच होता, वाफच उरली नव्हती. धाकटीला आज त्याचा उलगडा झाला, आणि आपल्याला तो इतके दिवस झाला नाही याचीही लाज वाटली. उकाडा कमी झाला म्हणून तीही खूशच होती की.

दुपारी डबा खाताना वन्संनी आपण होऊन विषय काढला. मोठ्या यंत्राच्या दाराचं रबर गेलं होतं. वाफ फटीतून निसटते, दाबाचा काटा वर चढतच नाही. त्यांनी वर सांगितलं, पुन्हा सांगितलं. होईल, बघू, पुढच्या खरेदीत. आधी त्यांनी यंत्र दुप्पट वेळ चालवून पाहिलं, तरी पट्टे करडेच राहायचे. मग एकदा अपघाताचा पेशंट आला. वर माणूस टेबलावर, खाली सेट तयार नाही. व्यवस्थापक स्वतः खिडकीशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, पट्टे काळे दिसले म्हणजे झालं. त्या दिवशी वन्संनी पहिल्यांदा ओला फडका टाकून टेपवरून इस्त्री फिरवली.

"तो माणूस वाचला," वन्सं म्हणाल्या. "चालत घरी गेला."

"आणि त्याच्यानंतरचे?"

वन्संनी डब्याचं झाकण लावलं. "औषधाच्या पाण्यात बुडवून काढतेच ना मी सगळं. अगदीच काही कच्चं नाही देत."

"वन्सं, तुम्हीच सांगा वर. नाही म्हणा. सेट नाही म्हणजे नाही."

"आणि उद्या खोली दुसऱ्या कुणाला दिली म्हणजे? तुझ्या घरात दोन पगार येतात ते दोन्ही या खोलीतूनच येतात, ठाऊक आहे ना?"

खोटं नव्हतं ते. धाकटीचा नवरा मनानं राजा, पण त्याचं काम आज आहे तर उद्या नाही. आई गेल्यावर वन्संनीच त्याला वाढवलं होतं. त्याच्या शाळेच्या गणवेशापासून लग्नापर्यंत सगळं त्यांच्या हातचं. अजूनही तो घरी आला की आधी बहिणीच्या खोलीत डोकावायचा आणि मग बायकोच्या. धाकटी त्याला त्यावरून चिडवायची, पण तिला ते आवडायचं.

त्यानंतर ती वॉर्डातल्या बायकांकडे कान देऊन बसू लागली. ड्रेसिंग करणारी सिस्टर कुरकुरत होती की हल्ली टाके लवकर सुकत नाहीत, चिघळतात, बायका बाळ कुशीत घेऊन तापानं फणफणतात. डॉक्टर म्हणतात, पेशंट स्वच्छता पाळत नाहीत. पेशंट म्हणतात, आमचं नशीब. एका बाळंतिणीची आई जिन्यात धाकटीला थांबवून विचारत होती की लेकीला घरी कधी नेता येईल. धाकटीच्या अंगावर खालच्या खोलीचा निळा झगा होता. तो बघून त्या माउलीला वाटलं असावं की हिला काही ठाऊक असेल.

जिन्याच्या वळणावर तक्रारपेटी होती. कुलूप गंजलेलं, किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नाही. लोक येताजाता त्यात गोळ्यांचे कागद टाकायचे. धाकटी तिच्यासमोर थोडी रेंगाळली आणि सरळ व्यवस्थापकांच्या केबिनचं दार ढकलून आत गेली.

त्यांनी तिला बसायला सांगितलं. पाणीही मागवलं. तिनं जे सांगायचं ते सांगितलं, वन्संचं नाव न घेता. नाव न घेतल्यानं काय साधणार होतं, खोलीत माणसंच दोन.

"गार असतात म्हणजे तुम्ही कशावरून म्हणता?"

"हात लावला की कळतं, साहेब."

"आपण शास्त्र मानायचं की तळहात?" ते हसले. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "पट्टे काळे आहेत ना? झालं तर. आणि हे बघा, तुम्ही कुणाबद्दल बोलताय ते घरी ठाऊक आहे का? चौकशी लागली तर ती टेपवर हात कुणाचा, इथपासून लागेल. माझ्यापर्यंत यायला तिला बराच वेळ लागेल."

त्या संध्याकाळी वन्संनी नेहमीसारखं तिचं ताट वाढलं, समोर ठेवलं आणि पाठमोऱ्या होऊन म्हणाल्या, "साहेबांकडे गेली होतीस म्हणे. मला सांगायचं होतंस."

"तुम्हालाच आधी सांगितलं होतं."

नवरा मधे बसून एकीकडे बघत होता, मग दुसरीकडे. शेवटी म्हणाला, "माझ्या वाटणीवरून भांडताय का? मी आहे तेवढा दोघींना पुरेन." कुणी हसलं नाही. त्यानं ओटीपोटावर हात दाबला आणि चेहरा वाकडा केला. हर्नियानं त्याला गेले काही महिने पिडलं होतं. ऑपरेशन ठरलंच होतं, याच इस्पितळात, नोकरांच्या घरच्यांना सवलत असते म्हणून. आठवडा उलटला की त्याचाच नंबर.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी खोली बंद करायची वेळ झाली, तरी वन्सं निघेनात. धाकटीला म्हणाल्या, तू हो पुढं. धाकटी इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेली आणि विसरलेली पिशवी घ्यायला परत आली.

वन्सं खोलीत नव्हत्या. दातांच्या विभागातून आवाज येत होता, म्हणून तिनं तिकडे डोकावलं. तिथं वाफेचं एक छोटं यंत्र होतं, डब्याएवढं, एका वेळी जेमतेम एक सेट मावेल असं. दातांचे डॉक्टर ते दिवसा कुणाला हातही लावू द्यायचे नाहीत. वन्सं त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीत घेऊन, आणि काट्याकडे बघत होत्या. काटा चढत होता. त्यांचे ओठ हलत होते. लहान मुलाला निजवताना आपण तोंडातल्या तोंडात काही म्हणत असतो, तसे.

धाकटी पावलं न वाजवता मागे फिरली.

सकाळी ती मुद्दाम लवकर आली. कपाटात सेट ओळीनं मांडलेले, सगळे हिरवे, सगळे देखणे, सगळ्यांचे पट्टे काळे. एकाच सेटच्या गाठीत निळ्या धाग्याचा लहानसा फास अडकवलेला होता. शोधणाऱ्यालाच दिसावा असा. तिनं त्यावर हात ठेवला. तोही आता इतरांसारखाच गार होता. रात्रभरात ऊब निघून गेली होती.

म्हणजे वन्संना सगळं कळत होतं. औषधाच्या पाण्यात बुडवलं की भागतं, यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास नव्हता.

वरच्या मजल्यावर नवरा इस्पितळाचा झगा घालून बसला असेल, उपाशी, सिस्टरांची थट्टा करत. आपण काही केलं नाही तर तो सुखरूप घरी येईल, हे धाकटीला कळत होतं. त्याच्या मागचा नंबर एका शाळामास्तरांचा होता. त्यांच्या मागे कुणी पोरसवदा मुलगी.

तिनं निळा धागा ओढून काढला. बोटाला गुंडाळला. मग डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी सेट मागचे पुढे, वरचे खाली करत राहिली, पत्ते पिसावेत तशी, तो कुठं गेला हे हातांनाही आठवू नये इतका वेळ. डोळे उघडले तेव्हा तिला घाम फुटला होता. ओळीत जे दिसत होतं ते सगळं एकसारखं होतं.

वन्सं आल्या, हात धुतले, झगा चढवला. तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. थिएटरची सिस्टर ट्रॉली घेऊन उभी होती.

"मोठ्या, आज पहिला नंबर लाडक्या भावाचा! स्वतःच्या हातानं निवडून द्या बरं."

"देते," वन्सं म्हणाल्या आणि कपाटाशी गेल्या.

त्यांनी पहिल्या सेटची गाठ पाहिली. दुसऱ्याची. ओळ संपली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी प्रत्येक गाठीत बोट घालून. मग त्यांनी तळहात टेकवला. एकावर, शेजारच्यावर, त्याच्या शेजारच्यावर. गार, गार, गार. इतकी वर्षं त्या हाताला न सांगता कळायचं. आज त्याला काही कळेना.

त्या वळल्या. धाकटीच्या बोटावरचा निळा धागा त्यांना दिसला.

"कोणता तो?"

"मला नाही माहीत."

"चेष्टा करू नकोस. कोणता?"

"डोळे मिटून हलवलेत, वन्सं. मलाही ओळखता येणार नाही."

वन्संनी खिडकीकडे पाहिलं. त्या कुजबुजल्या, "अगं, तुझाच नवरा आहे तो."

"हो."

खिडकीवर पुन्हा टकटक. "देताय ना? सर हात धुवायला गेलेसुद्धा."

वन्सं कपाटासमोर उभ्या होत्या. त्यांचा एक हात एका सेटवर होता. तो उचलला असता तर ट्रॉली निघून गेली असती. धाकटीनं भिंतीला पाठ टेकली. वन्सं उचलणार नाहीत, अशी तिला खात्री होती का? नव्हती. त्यांनी उचलला तर आपण ओरडायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

वन्संनी हात काढून घेतला. कपाटाचं दार लावलं, कडी घातली. भिंतीवरचा फोन उचलला. व्यवस्थापकांचा नंबर त्यांना पाठ होता. तो त्यांनी लावला नाही. थिएटरचा लावला.

"सरांना द्या. हात धुताहेत तर धुऊ देत, रिसिव्हर कानाला धरा त्यांच्या." मग बराच वेळ त्या फोनची वायर बोटांनी सरळ करत राहिल्या. "सर, मी खालून बोलतेय. आज कुणाला टेबलावर घेऊ नका. नाही, भावाचं म्हणून नाही. कुणालाच नाही. माझ्याकडचा एकही सेट खात्रीचा नाही." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, पट्टे काळे आहेत. ते मी केलेत. आजचे नाही फक्त. बरेच दिवस झाले."

खिडकीबाहेर सिस्टरनं ट्रॉलीचा दांडा सोडला.

वन्संनी फोन ठेवला. स्टूल ओढून त्यावर बसल्या आणि झग्याच्या गाठी सोडू लागल्या. स्वतः घातलेल्या, एका हिसक्यात सुटणाऱ्या गाठी. आज त्या सुटेनात. धाकटी पुढं झाली, वाकली आणि मागची गाठ तिनं सोडवली. वरच्या जिन्यात बरीच पावलं वाजायला लागली होती.

"वर जा तू," वन्सं म्हणाल्या, तिच्याकडे न बघता. "त्याला काहीतरी खायला दे. कालपासून उपाशी आहे तो."