माळवदाचा हप्ता

१९९९ सालचा फाल्गुन संपत आला, तेव्हा टेंभुर्णीबाहेरच्या मेंढपाळांच्या वस्तीत साळूबाईच्या घराच्या चारही भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्यावर आभाळाखेरीज काही नव्हते. भिंती भाजलेल्या विटांच्या नव्हत्या. मातीत थोडे सिमेंट कालवून, हातयंत्रात दाबून, सावलीत मुरवलेल्या विटांच्या त्या होत्या. कारण पैसा देणाऱ्या जालन्याच्या संस्थेची अटच तशी होती. भट्टीसाठी झाड जाळायचे नाही आणि घर मात्र गरिबाला पेलेल असे उभे करायचे. निम्मी रक्कम अनुदान, निम्मी बिनव्याजी. वस्तीत अशी अकरा घरे व्हायची होती. परंतु पहिले पुरे झाल्यावाचून दुसऱ्याचा पाया खणायचा नाही, असा ठराव असल्यामुळे साळूबाईच्या छपरावर आणखी दहा घरांचे पाये अवलंबून होते.

आणि छपराचाच हप्ता अडला होता.

"पत्रा घ्या," संस्थेचे अभियंता त्रिंबकराव भिंतीवर हात ठेवून म्हणाले. "अपवाद म्हणून तो चालतो. आजच सही करतो."

"पत्रा नको, सायेब. मातीचं माळवदच पाह्यजे."

"माळवदाला माझा विरोध नाही. लाकूड तुमच्याकडे आहे, निंबाचा पाला आहे, हातही आहेत. पण माळवदावर दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर लागतो. तो चुकला की छत गळते, आणि गळक्या छताच्या तुळया कुजतात. ती माती दरवर्षी येणार कुठून?"

"गढीवरून. आमचे आजे-पणजे तिथूनच आणत."

"गढी कोणाची?"

गावालगतचा तो ढासळलेला उंचवटा धर्मराज पाटलांच्या मालकीचा होता, आणि रस्त्याच्या भरावासाठी तो एका ठेकेदाराला विकायची बोलणी चालू आहेत, हे वस्तीतल्या मेंढ्यांनाही ठाऊक झाले होते.

"घर बांधायला आम्ही एकदाच पैसे देणार," त्रिंबकराव म्हणाले. "ते राखायचे कशाने, हे मला संस्थेची मंडळी विचारतील. उत्तर आणा. तोंडी नको, पाटलांच्या सहीचे आणा."

आक्षेप रास्त होता. आणि तो रास्त आहे हे कळत असल्यामुळेच साळूबाईला त्याचा अधिक राग आला.

पत्रा तिला परका नव्हता. सध्याचे तिचे खोपट पत्र्याचेच होते. थोरल्या लेकीचे बाळंतपण तिने त्याच पत्र्याखाली, वैशाखात केले होते. दिवस चढला की बाळ-बाळंतिणीची बाज उचलून निंबाखाली न्यायची, भोवती लुगडी बांधायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा मोजत बसायचे. यंदा धाकटी इंद्रायणी पहिल्या बाळंतपणाला येणार होती, तीही वैशाखातच. या लेकीची बाज उंबऱ्याबाहेर काढायची नाही, एवढे साळूबाईने मनाशी ठरवून टाकले होते.

घरी नवरा, कडूबा, ज्वारीचे पोते सोडत होता. पोते धर्मराज पाटलांकडून आले होते, वस्तीतल्या घरोघरी आले होते तसेच. पिके निघाली की शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत. रात्रभर कळप बसला की रानाला लेंडीखत मिळे आणि त्या बदल्यात मेंढपाळाला धान्य. पाटलांच्या विहिरीवरच्या रानात यंदा साऱ्या वस्तीचे कळप बसवायचे, असा शब्द कडूबाने दिला होता.

"सोडू नका ते पोतं," साळूबाई म्हणाली. "परत द्यायचंय."

"शब्द देऊन आल्तो मी."

"शब्द मोडा म्हन्ले का? मेंढ्या बसवा. पर धान्य न्हाई घ्यायचं. गढीची माती घ्यायची."

कडूबाने साळूबाईच्या जावेकडे, गोजरबाईकडे पाहिले. "ऐक. आता पावसाळ्यापस्तोर माती खायची म्हन्ती."

"माती खायची न्हाई," साळूबाई म्हणाली. "मातीखाली बसून खायचं."

"पर बसून खायला ताटात काही तर पाह्यजे," गोजरबाई म्हणाली. मग ती थोडा वेळ समोरच्या नव्या भिंतींकडे पाहत राहिली. तिच्या घराचा पायाही त्याच छपराची वाट पाहत होता. "एकटीनं परत करशील तर पाटील हसंल. समद्यांनी पोती परत करायची. माझं मी उचलते. भावजींचं त्यांना उचलू दे, त्यांची कंबर लई दिवस झाले रिकामी हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतील साऱ्या घरांची पोती बैलगाडीतून धर्मराज पाटलांच्या स्लॅबच्या घरासमोर उतरली. पाटील बाहेर आले, त्यांनी पोती पाहिली आणि ज्वारीला कीड लागली काय, असे विचारले.

"ज्वारी बराबर हाये, पाटील. मेंढ्या तुमच्याच रानात बसतील. आमाला बदल्यात दरसाल गढीची पांढरी माती द्या. लिहून द्या."

"गढीचा सौदा झालाय, साळूबाई. ठेकेदाराचा इसार घेतला मी. नगद."

"ठेकेदार एकदाच नगद देईन, आन् गढी उचलून जाईन. आमी दरसाल येऊ."

"मंग मी दुसरे कळप आणीन."

"आणा. भोकरदनकडचे कळप यायला जेठ उजाडतो. तवर तुमाला सरकी टोबायची जल्दी आसन."

विहिरीवरच्या त्या रानाला रासायनिक खताने चोपण धरून माती कडक झाली होती. गेल्या वर्षीची कापूस-पऱ्हाटी गुडघ्याच्या वर गेली नव्हती, आणि ते साऱ्या गावाने येता-जाता पाहिले होते.

"ठेकेदाराला काय सांगू मी?"

"सांगा, गढीत साप निघून राह्यले," गोजरबाई म्हणाली.

"साप तर हाएतच," पाटील म्हणाले, आणि इच्छा नसताना हसले. मग ते ओट्यावर टेकले. "इसार उगवतीकडच्या बाजूचा घेतलाय. ती न्हाई सोडता यायची. मावळतीची बाजू तुमची. पर मेंढ्या दरसाल आधी माझ्याच रानात. त्यात बिलकुल मागंपुढं न्हाई."

साळूबाईला सारी गढी हवी होती. तरी पाटलांनी कागद लिहून सही केल्यावर तिने अंगठ्यासाठी हात पुढे केला.

त्रिंबकरावांनी तो कागद वाचला, आणि तेवढ्यावर समाधान मानले नाही. ते गढीवर गेले, मावळतीची बाजू त्यांनी फितीने मोजली, वस्तीतील अकरा माळवदांचा हिशेब मांडला आणि अर्धी गढी दोन पिढ्यांना पुरते, असे सांगितले.

"आन् तिसऱ्या पिढीला?" साळूबाईने विचारले.

"तिचा अभियंता वेगळा असेल," ते म्हणाले. "पण एक अडचण राहिली. लाभार्थींचा हिस्सा म्हणून मला हे नोंदवावे लागेल. मेंढ्यांच्या रात्रीची किंमत काय लावू?"

"ज्वारीचं पोतं लावा. तेच परत केलं आमी."

त्यांनी तसेच लिहिले आणि सही केली. हप्ता मंजूर होऊन येण्यास अवकाश होता. साळूबाईने तेवढी वाट पाहिली नाही. तुळया चढल्या, फळ्या आणि निंबाच्या फांद्या पसरल्या, आणि वस्तीतल्या बाया गढीवरून पाट्या भरून आणू लागल्या. घरोघर भाकरी मोजून थापल्या जात होत्या. गोजरबाईने त्याबद्दल साळूबाईला रोज एक टोमणा मारला आणि रोज एक पाटी जास्त आणली.

वैशाखाच्या आरंभी, ऐन दुपारी, जाफराबादहून आलेल्या जीपमधून इंद्रायणी उतरली. अवघडलेल्या पायांनी ती नव्या घरात शिरली. आत बाज टाकलेली होती. वर साळूबाई मातीचा शेवटचा थर लाकडी चोपण्याने बडवीत होती.

"आई, अंगावर माती पडून राह्यली," इंद्रायणीने हाक दिली.

"पडू दे. बाज कोपऱ्यात सरकव आन् पाणी पी. माती पडायची थांबली की मी खाली येते."

चोपण्याचे ठोके पुन्हा सुरू झाले. इंद्रायणीने बाज कोपऱ्यात सरकवली, मग ती पाणी प्याली आणि आडवी झाली. वरून माती पडत होती, पहिल्यापेक्षा कमी.